अव्होकाडोची आढी

अव्होकाडोला पाड लागत नाही. आंब्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला एवढ्या एका वाक्यावरून त्या फळाचा अर्धा स्वभाव कळावा. आंब्याचे झाड तयार झाले की एखाददुसरे फळ झाडावरच पिकून खाली येते आणि काढणीची वेळ झाली हे जाणत्यांना उमगते. अव्होकाडो अशी वर्दी देत नाही. तो महिनोन्महिने झाडावर राहतो, गरात तेल साठवत जातो, पण मऊ पडत नाही. पिकण्याची क्रिया सुरू होते ती देठ तुटल्यानंतरच. त्यामुळे फळ तयार झाले की नाही हे ठरवायला बागाईतदाराला थोडा गर वाळवून पाणी उडून गेल्यावर किती ऐवज शिल्लक राहतो हे मोजावे लागते. कॅलिफोर्नियात हास जातीच्या फळासाठी हे प्रमाण किमान २०.८ टक्के असावे लागते.

तयार असणे आणि पिकलेले असणे या इथे दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत, आणि त्यांच्यामधले चारसहा दिवस झाडाच्या नव्हे, घराच्या हवाली केलेले आहेत. अव्होकाडोवर लिहिणारे बहुधा त्याच्या पौष्टिकतेवर लिहितात, नाहीतर टोस्टवरच्या त्याच्या मिरवण्यावर. आम्हांला मात्र गेल्या वीसेक वर्षांत या फळाविषयी जे काही कळले ते सारे या मधल्या दिवसांत कळले. हे फळ एकट्याने निवडता येते, पण एकट्याने पिकवणे आणि संपवणे कठीण आहे. ते मुळात वाटणीचे फळ आहे.

'आम्ही' म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियातले एक मराठी घर. आम्ही दोघे, दोन मुली, आणि २००९ पासून अण्णा व आई. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर फॉलब्रूकच्या टेकड्या आहेत. तिथे उतारांवर अव्होकाडोच्या बागा आहेत, आणि हंगामात रस्त्याच्या कडेला फळांची खोकी मांडलेली असतात. इथला हंगाम साधारण मार्च ते सप्टेंबर असा चालतो. देवगडहून आलेल्या माणसाच्या दृष्टीने तो आंब्याच्या हंगामाच्या अलीकडे सुरू होतो आणि फार उशिरा संपतो.

अण्णांचे बालपण देवगड तालुक्यात गेले. माळ्यावरच्या काळोख्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर आंब्यांचा थर, त्यावर पुन्हा पेंढा, अशी त्यांच्या घरची आढी. फळ झेल्याने उतरवलेले आणि देठासकट ठेवलेले असायचे, कारण देठ मोडला की चीक सालीवर ओघळून डाग पडतो. रोज सकाळी आढी चाळायची, डागी फळ आधी बाहेर काढायचे, पिकलेले खाली न्यायचे, उरलेल्यांची कूस बदलायची. हे काम वयाच्या दहाव्या वर्षापासून अण्णांकडे होते. वास, रंग आणि हाताला लागणारा मऊपणा या तीन खुणांवरून हे फळ आजचे, हे उद्याचे आणि हे परवाचे, असे ते सांगत. घरात कुणी किती आंबे खायचे याचा निर्णय मोठी माणसे घेत असली, तरी कोणता आंबा कधी खायचा हे त्या पोराच्या हातात होते.

पन्नाशीत अण्णांना मधुमेह निघाला. तेव्हापासून आंब्यातले सर्वांत जाणते माणूस घरात सर्वांत कमी आंबा खाऊ लागले. पेटी तेच उघडत, फळे तेच निवडत. चिरल्यावर पहिली फोड त्यांच्यापुढे येई, ती ते सावकाश खात आणि वाटी पुढे सरकवत. त्यांनी कधी कुरकुर केली नाही आणि आम्हीही तो विषय काढला नाही. पंक्तीतला एक वाटा लहान होत जातो, आणि काही दिवसांनी तो पहिल्यापासून तेवढाच होता असे सगळ्यांना वाटू लागते.

ज्या फळाने पुढे हा वाटा थोडाफार भरून काढला, त्याचे कूळ इथे सांगायला हवे. अव्होकाडो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. नावही तिथल्या नावात्ल भाषेतल्या 'आवाकात्ल' या शब्दावरून स्पॅनिशमधून आलेले. वनस्पतिशास्त्रात तो दालचिनी, तमालपत्र आणि कापूर यांच्या कुळात मोडतो. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतात अव्होकाडोच्या एका जातीची बडीशेपेसारख्या वासाची पाने काळ्या घेवड्याच्या उसळीत घालतात, हे कळल्यावर आईला त्या झाडाविषयी एकदम जवळीक वाटू लागली. आपल्या मसाल्याच्या डब्यात ज्याचे भाऊबंद आहेत त्याला परका कसा म्हणायचा?

आज जगाच्या बाजारात जो अव्होकाडो दिसतो तो बहुतेक सारा हास जातीचा. ही जात ज्याच्या नावाने ओळखली जाते तो रुडॉल्फ हास लॉस एंजेलिसजवळच्या ला हाब्रा हाइट्स इथे राहणारा टपालवाटप्या. त्याने १९२०च्या दशकात काही बिया लावल्या. रोपांवर त्या काळच्या लोकप्रिय 'फुएर्ते' जातीची कलमे बांधायची असा बेत होता, पण एका रोपावर कलम काही केल्या जुळेना. ते झाड तसेच वाढले आणि त्याला काळपट, खरखरीत सालीची फळे धरली. ती हासच्या मुलांनी चाखली, आणि इतर फळांपेक्षा हीच चांगली असे बापाला पटवले, असे सांगतात. १९३५ मध्ये हासने त्या जातीचे पेटंट घेतले. पण बागाईतदार एखादेच झाड विकत घेत आणि त्याच्या काड्यांवरून आपली सारी बाग कलम करत. टपालवाटप्याच्या पदरात फारसे काही पडले नाही. ते मूळ झाड मुळे कुजण्याच्या रोगाने २००२ मध्ये मेले. जगातले प्रत्येक हास झाड कलमाकलमाने त्याचेच वंशज आहे.

ही हकिकत अण्णांना ऐकवली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मुळात हा रायवळच की." त्यांचे म्हणणे अचूक होते. कोयीपासून आपसूक उगवलेल्या, कुणाचेही नाव न लावणाऱ्या रायवळ आंब्यांच्या गर्दीतूनच कधीतरी एखादे झाड कलमाच्या मानाला चढते. ते चढते कारण कुणीतरी ते फळ चाखून "हे ठेवा" असे म्हणते. हासच्या घरी ते मुलांनी म्हटले. आमच्या मुलींना या गोष्टीचा फार अभिमान वाटे. बाजारात फळ निवडण्याचा आपल्याला वंशपरंपरागत हक्क आहे, अशा थाटात त्या टोपलीपुढे उभ्या राहत.

निवडीचे आमच्या घरचे नियम अण्णांनी घातले. अव्होकाडोला वास नाही, म्हणजे आढीतली अर्धी विद्या इथे निरुपयोगी. उरले रंग आणि स्पर्श. हासचा रंग हिरव्याकडून काळपट जांभळ्याकडे जातो, पण नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. काही फळे काळी पडूनही कडक राहतात, आणि 'फुएर्ते' किंवा 'बेकन' या जाती पिकल्या तरी हिरव्याच असतात. म्हणून फळ तळहातावर घ्यायचे आणि सगळ्या बोटांनी अलगद आवळून पाहायचे. अंगठा रुतवायचा नाही. अंगठ्याचा डाग दुकानात दिसत नाही, दोन दिवसांनी कुणाच्या तरी ताटात गर काळा होऊन दिसतो. देठाचा उरलेला खुंटा उडवून आत हिरवे आहे की तपकिरी ते पाहण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. अण्णांना ती मान्य नव्हती. खुंटा गेला की तिथून हवा आणि बुरशी आत शिरते. "आपण परत ठेवलेले फळ कुणाच्या तरी घरी जायचे आहे," असे ते मुलींना बजावत. ज्याचे तोंडही आपण पाहणार नाही अशा माणसाचा वाटा राखायचा, ही शिकवण त्यांनी दुकानाच्या फळविभागात उभ्याउभ्या दिली.

दुसरा नियम, फळे एका वयाची घ्यायची नाहीत. एक आजचे, दोन परवाचे, दोन अगदी कडक हिरवी, अशा पायऱ्या लावून पाच फळे घेतली की आठवडा निभतो. एकाच वयाची पाच घेतली तर ती गुरुवारपर्यंत दगड असतात आणि शुक्रवारी सगळी एकदम पिकतात. हल्ली मोठे विक्रेते इथिलीन वायू सोडलेल्या खोल्यांत फळ अर्धेअधिक पिकवूनच दुकानात धाडतात. आज खायला मिळण्याची सोय त्याने होते, पण पायऱ्या लावायच्या तर कडक फळे शोधून काढावी लागतात.

घरी आल्यावर फळे वेताच्या टोपलीत ओट्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात जातात. घाई असेल तर कागदी पिशवीत एखादे पिकलेले केळे किंवा सफरचंद सोबतीला ठेवून तोंड दुमडायचे. ही फळे जो इथिलीन वायू सोडतात तो पिशवीत कोंडला जातो आणि अव्होकाडोचे पिकणे एकदोन दिवसांनी अलीकडे येते. भाताच्या पेंढ्याखालीही हेच घडते, पेंढा ऊब धरतो आणि आंब्यांचा स्वतःचाच वायू भोवती राखतो. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, फार दिवस थंडीत राहिले तर ते नीट पिकत नाही आणि गर आतून करडा पडतो. पिकलेले मात्र जरूर ठेवावे, दोनतीन दिवस थांबते. आंब्यातला साका जसा चिरल्याशिवाय कळत नाही, तसे अव्होकाडोतले तपकिरी धागेही कळत नाहीत. तेवढे नशिबावर सोडायचे.

रोज सकाळी चहाच्या आधी अण्णा टोपली चाळत. फळाची कूस बदलत आणि जाहीर करत, "आज एक झाले आहे." या वाक्याचे आमच्या घरात काय मोल होते ते सांगणे कठीण आहे. मुलींचे मराठी हळूहळू स्वयंपाकघरापुरते उरत चालले होते आणि अण्णांचे इंग्रजी टपालपेटीपलीकडे जात नव्हते. पण "झाले का?" हा प्रश्न आणि "उद्या होईल" हे उत्तर यांना तर्जुम्याची गरज पडली नाही. धाकटी शाळेला जाताना टोपलीतल्या एका फळावर हात ठेवी, आजोबांकडे पाही, ते मान हलवत. मग संध्याकाळी ते फळ तिच्या परतण्याची वाट पाहत फ्रिजमध्ये असे.

२००७ साली इथे दोन फळांच्या वाटा मोकळ्या झाल्या. मेक्सिकोतल्या अव्होकाडोवर अमेरिकेने बियांतल्या किडीच्या भीतीने १९१४ मध्ये बंदी घातली होती. ती १९९७ पासून थोडी थोडी सैल होत गेली आणि २००७ मध्ये कॅलिफोर्नियासह सर्व राज्ये त्याला खुली झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये भारतीय आंब्याला अठरा वर्षांनी अमेरिकेत प्रवेश मिळाला. अट एवढीच की किडीच्या बंदोबस्तासाठी फळावर विकिरण प्रक्रिया झालेली असावी. ती सोय लासलगावला, कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात होती. म्हणजे कोकणच्या हापूसने नाशिक जिल्ह्यातून वळसा घेऊन आमच्यापर्यंत यायचे! अण्णा इथे आल्यापासून मे महिन्यात एक पेटी आम्ही आणत असू. ती उघडली की घरभर वास दरवळे, मुली धावत येत, आणि अण्णा आपली एक फोड खाऊन वाटी पुढे सरकवत.

अव्होकाडोच्या बाबतीत ही वाटी सरकली नाही. शंभर ग्रॅम आंब्यात साधारण चौदा ग्रॅम साखर असते, तेवढ्याच अव्होकाडोत एक ग्रॅमही नसते. त्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, तोही बहुतांशी ऑलिव्ह तेलातल्यासारखा, आणि सातेक ग्रॅम तंतू. उष्मांक भरपूर, तेव्हा हवे तितके खावे असे ते फळ नाही. पण आहारतज्ज्ञांनी अण्णांच्या कागदावर 'अर्धे फळ' असे लिहून दिले, आणि अर्धे फळ हाच आमच्या घरात प्रत्येकाचा वाटा होता. सहा माणसे, तीन फळे. कित्येक वर्षांनी अण्णांच्या वाटीत इतरांइतकेच फळ आले. त्या दिवशी कुणी काही बोलले नाही. आईने फक्त वाट्या मांडताना त्या एका ओळीत लावल्या.

आस्वादाच्या बाबतीत आम्ही कर्मठ नाही. मेक्सिकोत ज्वालामुखीच्या दगडाच्या खलात मिरची, कांदा, कोथिंबीर आणि मीठ वाटून त्यात गर ठेचतात. तो खल म्हणजे थेट आपल्या दगडी खलबत्त्याचा सखा. आई तेच मिश्रण करते आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी देते, मात्र फोडणी निवू देऊन. गर तापला की कडवट होतो. गरम ज्वारीच्या भाकरीवर लोण्याच्या जागी हा गर आणि वर लसणाची सुकी चटणी, हा अण्णांचा आवडता प्रकार. थोरलीला फक्त मीठ आणि लिंबू लागते. धाकटीला गोड आवडते, आणि त्यात वावगे काही नाही. ब्राझीलमध्ये हे फळ साखर घालूनच खातात. आपल्याकडे कोडगू आणि निलगिरीत पिकणारा अव्होकाडो 'बटरफ्रूट' या नावाने विकला जातो, कन्नडमध्ये 'बेण्णे हण्णु', म्हणजे लोण्याचे फळ. बंगळुरूच्या रसवंत्यांत तो दूधसाखरेत घुसळून देतात. आमच्या आप्तांपैकी काहीजण तिथे राहतात आणि अव्होकाडोला मीठ लावणाऱ्यांची कीव करतात.

वाटणीचा हिशोब मात्र वाट्यांपाशी संपत नाही. इथला हंगाम संपला की जो अव्होकाडो दुकानात येतो तो मुख्यतः मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातून. मागणी वाढली तशी तिथल्या पाइन आणि ओकच्या जंगलांच्या जागी बागा आल्या, झऱ्यांचे पाणी बागांकडे वळले, आणि पैशाच्या मागोमाग खंडणी वसूल करणाऱ्या टोळ्या आल्या. २०२२ च्या फेब्रुवारीत एका अमेरिकन निरीक्षकाला धमकी आली म्हणून अमेरिकेने आठवडाभर आयातच थांबवली होती. याच राज्यात चेरान नावाचे पुरेपेचा आदिवासींचे गाव आहे. २०११ मध्ये तिथल्या बायकांनी पुढाकार घेऊन जंगल तोडणाऱ्या टोळ्यांना हुसकावले. मग गावाने आपला कारभार आपल्या हाती घेतला. त्या गावाने आपल्या हद्दीत अव्होकाडोच्या व्यापारी बागा होऊ दिलेल्या नाहीत.

मग इथलाच अव्होकाडो खावा, असे म्हणून सुटका होत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातले बरेचसे पाणी शेकडो मैलांवरून कालव्यांनी येते. दुष्काळाच्या वर्षांत पाण्याचा भाव न परवडल्याने काही बागाईतदारांनी झाडे बुंध्यापर्यंत छाटून, उन्हाने करपू नयेत म्हणून बुंधे पांढरे रंगवून ठेवले होते. टेकडीच्या उतारावर ओळीने उभे असलेले ते पांढरे खुंट आम्ही येताजाता पाहत असू. आम्ही शक्यतो हंगामात इथले फळ घेतो, हंगामाबाहेर कमी खातो, आणि आणलेले एकही वाया जाऊ देत नाही. यातून मिचोआकानचे जंगल वाचत नाही हे आम्हांला कळते. पण कुणाच्या तरी वाट्याचे पाणी पिऊन वाढलेले फळ टोपलीत सडू देणे हे वेगळे पाप आहे, आणि ते टाळणे आपल्या हातात आहे.

अण्णा जाऊन आता चार वर्षे झाली. थोरली दुसऱ्या राज्यात नोकरीला आहे, एकटी राहते. तिच्या तक्रारीवरून या फळाचा उरलेला अर्धा स्वभाव आमच्या ध्यानात आला. एक फळ एका माणसाला जास्त होते. अर्धे खाल्ले की उरलेले अर्धे लगेच काळवंडू लागते, कारण चिरलेल्या गराला हवा लागली की त्यातले विकर रंग पालटवू लागतात. लिंबू चोळावे, प्लॅस्टिकचा पातळ कागद गरावर थेट चिकटवून दाबावा, म्हणजे एक दिवस निभतो. बी तशीच ठेवल्याने बीखालचा भाग तेवढा हिरवा राहतो, बाकीच्याला तिचा उपयोग नाही. फळ पाण्यात बुडवून ठेवण्याची टूम मध्यंतरी निघाली होती. सालीवरचे रोगजंतू पाण्यात वाढू शकतात म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला. हे सारे आम्ही तिला फोनवर सांगितले. शेवटी तिनेच उपाय काढला. आता ती शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईंशी अर्धे फळ वाटून घेते. त्या बाई पेरू देशातल्या आहेत, आणि तिथे अव्होकाडोला 'पाल्ता' म्हणतात हे तिला त्यांच्याकडून कळले.

आमच्या टोपलीत हल्ली पाचाऐवजी तीन फळे असतात. ती चाळण्याचे काम धाकटीने स्वतःहून घेतले आहे. ती फळ तळहातावर घेते, सगळ्या बोटांनी आवळते, कूस बदलून ठेवते. तिची आजी, डोळ्यांना आता नीट दिसत नाही म्हणून, तिच्या आधी गुपचूप हात लावून पाहून गेलेली असते. दोघींचे मत बहुधा जुळते. जुळले नाही, तर फळ आणखी एक दिवस थांबते.